मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो, विकलेल्याचे काय?

(म्हसवड येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



म्हसवडच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय ते सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. १९७२ इथल्या जाणत्या मंडळींनी पाहिलेला आहे. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१९ साली याच गावात माणदेशी फौंडेशनची चारा छावणी उभी राहिली. हजारो जनावरे तिथे दावणीला होती आणि तुमच्यातल्या कित्येकांनी बायकापोरांसह तिथेच मुक्काम केला. आज बोलायचे आहे ते छावणीपर्यंत न पोचलेल्या जनावरांबद्दल. छावणी सुरू व्हायच्या आधीच जी बाजारात गेली, त्यांच्याबद्दल.

दुष्काळात सवलत देण्याची सरकारी रीत जुनी आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीची शेतसाऱ्याची वसुली तहकूब करायची, असा नियम होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी सत्याग्रह केला तो याच आणेवारीच्या वादावरून. तो नियम बरा की वाईट ते राहू द्या, पण त्यात मोजले काय जात होते? पीक. आणेवारी पिकाची होते, गोठ्याची कुणी करत नाही. ज्वारी बुडाली की तलाठ्याला दिसते. ज्वारीबरोबर वर्षाचा कडबा बुडाला आणि कडब्याबरोबर दावणीची म्हैस गेली, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपला माण त्यात होता, शेजारचे आटपाडी आणि जत होते. सवलती काय मिळाल्या? शेतसाऱ्यात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषात शिथिलता, टँकर, आणि पंपाची वीज तोडायची नाही. वाईट काहीच नाही. पण आपल्या कोरडवाहू रानाचा शेतसारा असतो किती? चार माणसांच्या चहाचे पैसे. विहिरीला पाणीच नसेल तर पंपाचे बिल तरी किती येणार? आणि ज्या धनगराच्या नावावर सातबाराच नाही, शंभर मेंढरे एवढीच ज्याची इस्टेट, त्याने यातली कुठली सूट घ्यावी?

छावण्या निघाल्या हे आम्ही नाकारत नाही. २०१९ च्या मे महिन्यात मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये आणि लहानामागे ५० रुपये दर झाला. पण छावणी येईपर्यंत गोठा टिकवायचा कशावर?

जनावर मेले तर मदत आहे. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने ठरवलेल्या दरात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये होते. तेही दुभती जनावरे तीन किंवा शेळ्या-मेंढ्या तीस, एवढ्याच मर्यादेपर्यंत. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे, नगर भागात हजारो शेळ्या-मेंढ्या एका-दोन दिवसांत दगावल्या. तिथे निदान मढे दाखवता आले. दुष्काळात तसे होत नाही. जनावर मरेपर्यंत शेतकरी थांबत नाही, तो आधीच विकतो. आम्हीही विकले. सत्तर हजारांची म्हैस बत्तीस हजारांना दिली, कारण त्या दिवशी बाजारात आमच्यासारखे शंभर होते आणि घेणारे चार. पाऊस पडल्यावर तशीच म्हैस घ्यायला गेलो तर तिने ऐंशी ओलांडलेली. हप्ता मात्र जुन्या म्हशीचाच चालू होता. हा तोटा कुणी लिहून घेतला? पंचनाम्यासाठी मढे लागते, आणि आमची म्हैस तर दुसऱ्याच्या गोठ्यात जिवंत उभी होती.

आता आयकराचे बघा. तुम्ही म्हणाल, आपल्यातले आयकर भरतात किती? फार थोडे. तरी ऐका, कारण वीस-तीस संकरित गाईंचे गोठे आता आपल्याकडेही आहेत. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पण १९६१ च्या कायद्याने दुधाचे आणि मेंढीपालनाचे उत्पन्न शेतीत धरलेच नाही, धंद्यात धरले. (गावात दूध गोळा करून संघाला घालणाऱ्या प्राथमिक सहकारी संस्थेच्या नफ्याला त्याच कायद्यात वजावट होती. धार काढणारीला नाही!) त्या कायद्याच्या ३६ व्या कलमात धंद्यातल्या जनावराचा तोटा वजा करता येई, पण अट एकच: जनावर मेलेले असावे किंवा कायमचे निकामी झालेले असावे. चाऱ्यावाचून विकलेले धडधाकट जनावर त्यात बसत नाही. म्हणजे महसूल खाते आणि आयकर खाते, दोघांचा नियम एकच निघाला. २०२५ साली नवा आयकर कायदा झाला तेव्हा हे दुरुस्त करता आले असते.

हे जगावेगळे मागणे नव्हे. अमेरिकेच्या करकायद्यात दुष्काळामुळे नेहमीपेक्षा जास्त जनावरे विकावी लागली तर ती सक्तीची विक्री मानतात. दुधाची, पैदाशीची किंवा ओढकामाची जनावरे असतील तर त्या पैशातून ठरलेल्या मुदतीत पुन्हा जनावरे घ्यावीत, तोवर त्या नफ्यावर कर मागत नाहीत. साधारण मुदत दोन वर्षे. सरकारने दुष्काळी मदतीला पात्र ठरवलेल्या भागात चार वर्षे, आणि दुष्काळ लांबला तर मुदतही लांबते. मुदत एवढी का, ते माणदेशात सांगायला नको. कालवडीची गाय व्हायला तीन वर्षे जातात, खिलारीला त्याहून जास्त. अमेरिकेचा शेतकरी मोठा आहे, त्याच्यामागे अनुदाने आहेत, हे सगळे खरे. पण तिथल्या कायद्याला विकलेले जनावर दिसते.

म्हणून मागणे असे की, जाहीर झालेल्या दुष्काळी तालुक्यात बाजारात विकलेल्या जनावराची नोंद तलाठ्याने घ्यावी आणि बाजाराची पावती पुरावा धरावी. त्या जनावरावरचे कर्ज, मग ते बँकेचे असो, पतसंस्थेचे असो की बचतगटाचे, नवे जनावर येईपर्यंत बिनव्याजी थांबावे. पुन्हा जनावर घ्यायला तीन वर्षे द्यावीत आणि तोवर त्या विक्रीवर कसलाही कर लावू नये. टंचाईच्या महिन्यांत बाजार फीसुद्धा घेऊ नये. बुडत्याकडून उतराई कसली घेता?

यासाठी कागद लागेल आणि तो तुमच्याच घरात आहे. फडताळात, देव्हाऱ्यामागे, जुन्या पिशवीत २०१२ च्या, २०१९ च्या बाजार पावत्या पडल्या असतील तर शोधा. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी जनावर कोणते, कधी विकले, कितीला दिले, कर्ज किती होते हे एका कागदावर लिहून सही किंवा अंगठा करावा. मायबहिणींनी विकलेल्या शेळ्याही त्यात आल्या पाहिजेत, कारण पहिली विक्री बहुतेक त्यांचीच झालेली असते. गावागावाच्या याद्या पुढच्या बैठकीला आणा. त्या घेऊन आपण दहिवडीला तहसील कचेरीत जाणार आहोत.