मोझेलच्या वळणांवरून
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांचं फर्मान आहे की वीस मिनिटांत आटपा आणि फोटो दहाच्या वर दाखवू नका. त्यामुळे आज फोटो कमी आणि बोलणं जास्त. नऊ वर्षं या संस्थेची खजिनदार होते, तेव्हा हिशेबात बोलायची सवय आहे, वेळ पाळीन.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीला, माइन्झला गेलो होतो. त्यातले आठ दिवस मोझेल नदीच्या खोऱ्यात काढले. ऱ्हाइन नदी सगळ्यांना ऐकून माहीत असते. मोझेल तिला कोब्लेन्झ या गावी येऊन मिळते. ती उगम पावते फ्रान्समध्ये, पण तिचा सगळ्यात देखणा भाग म्हणजे जर्मनीतला ट्रिअर ते कोब्लेन्झ. सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरेल. नदी मात्र ते कापायला सुमारे १९५ किलोमीटर घेते. इतकी वळणं! कोखेमहून आगगाडी सुटली की ४.२ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि पलीकडच्या एलर गावाजवळ निघते. तेवढ्यासाठी नदीला वीसेक किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. हा बोगदा १८७० च्या दशकातला. आमचे हे पीडब्ल्यूडीतले. त्यामुळे बोगदा, पूल, धक्का असं काही दिसलं की आमची सहल पंधरा मिनिटं थांबायची.

नदीच्या दोन्ही बाजूंना चढ आणि चढावर द्राक्षं. नाशिककडचे मांडव डोळ्यांपुढे आणू नका. इथे मांडव बांधायला सपाट जागाच नाही. जुन्या पद्धतीच्या बागेत प्रत्येक वेलाला आपला स्वतंत्र खांब असतो आणि वेल त्याला वाकवून बांधतात. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचे तुकडे. तीच आपली शाळेतली पाटी! हा काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती ऊब वेलाला देतो. मुंबई १९ अक्षांशावर, हे खोरं ५० वर. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते या दगडामुळे, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांमुळे आणि खालच्या पाण्यामुळे. जात मुख्यतः रीसलिंग.

ब्रेम नावाच्या गावाजवळ काल्मोंटचा डोंगर आहे. तिथल्या काही बागा ६५ अंशांपर्यंत उभ्या आहेत; युरोपातली सर्वांत चढाची द्राक्षबाग म्हणून तिचं नाव घेतात. ६५ अंश म्हणजे किती? आपल्या टाकीवर जायची लोखंडी शिडी आठवा. तिथे माणसं फवारणी, छाटणी, तोडणी करतात. माल आणि माणसं वर न्यायला एकाच रुळावरची छोटी मोटरगाडी असते, बाकी सगळं हातापायांनी. डोंगराच्या कुशीतून लोखंडी दोर आणि शिड्या लावलेली पायवाट आहे, ती तरुणांसाठी. माथ्यावर जायला मागच्या बाजूनं सोपा रस्ता आहे, आम्ही तिकडून गेलो. वरून नदीचं आख्खं वळण दिसतं, घोड्याच्या नालासारखं. मध्ये हिरवी जीभ आणि तिच्यावर एका जुन्या मठाची छप्पर उडालेली भिंत. फोटो क्रमांक तीन.

या फोटोत नीट बघा. बागांच्या मध्ये झुडपं माजलेले पट्टे दिसतात ना? तिथेही एकेकाळी द्राक्षं होती. सपाटीपेक्षा इथे कष्ट कित्येक पट, आणि बाटलीला भाव मात्र त्या मानानं मिळेलच असं नाही. म्हातारा बागाईतदार थकला आणि मुलं शहरात गेली की आधी दगडी ताल ढासळतात, मग काटेरी झुडूप येतं. आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून बघायला जातो ते रोज कोणीतरी सांभाळत असतं. सांभाळणारा गेला की पाच-दहा वर्षांत ते दिसेनासं होतं.

ट्रिअर एका दिवसात उरकलं. तिथे खरं तर दोन दिवस हवेत. रोमन लोकांनी इ.स. १७० च्या सुमारास बांधलेली काळ्या दगडांची वेस, पोर्टा निग्रा, अजून उभी आहे. मध्ययुगात एक साधू तिच्यात कोंडून घेऊन राहिला, पुढे तिथे चर्च झालं, म्हणून तिचे दगड कोणी पळवले नाहीत. गावातल्या रोमन पुलाचे खांब दुसऱ्या शतकातले आहेत आणि त्यांच्यावरून आजही मोटारी जातात. ह्यांनी तिथे किती वेळ घेतला असेल, ते तुम्हीच समजा. कार्ल मार्क्सचा जन्मही याच गावचा, १८१८ सालचा. घर बघता येतं.

आमचा मुक्काम कोखेमला होता. गाव चित्रासारखं, वर टोकदार मनोऱ्यांचा किल्ला. मात्र हा किल्ला १६८९ मध्ये फ्रेंच फौजेनं उद्ध्वस्त केला होता. १८६८ मध्ये बर्लिनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्यानं ते अवशेष विकत घेतले आणि आपल्या कल्पनेतला किल्ला उभारला. सुंदर आहे, पण थोडा बाहुलीघरासारखा वाटतो. त्यापेक्षा समोरच्या पाळण्यातून पिनरक्रॉइत्सच्या टोकावर जा. तिथून किल्ला, गाव आणि नदी एकदम दिसतात आणि गुडघ्यांना त्रास नाही. गावातल्या जुन्या भिंतींवर पुराच्या रेघा आणि साल कोरलेली आहेत. डिसेंबर १९९३ ची रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती.

आता ज्यासाठी खरं तर मी हे भाषण कबूल केलं, तो एल्ट्सचा किल्ला. दाट झाडीतल्या खडकावर उभा, तीन बाजूंनी ओढा. पूर्वीच्या जर्मन पाचशे मार्कांच्या नोटेवर याचंच चित्र होतं. कधीही पडला नाही. १६८९ मध्ये आजूबाजूचे किल्ले पाडले गेले तेव्हा या घराण्यातला एकजण फ्रेंच सैन्यात अधिकारी होता, त्यानं हा वाचवला. साडेआठशेहून अधिक वर्षं तो एकाच घराण्याकडे आहे.

पण मंडळी, एक घराणं म्हणजे एक चूल नव्हे. तेराव्या शतकात तीन भावांत वाटणी झाली. किल्ला एक, दरवाजा एक, चौक एक, आणि चौकाभोवती तीन शाखांचे वेगवेगळे वाडे. स्वयंपाक वेगळा, जिने वेगळे. आता तटाची भिंत पडली तर कोणी बांधायची? आमच्या 'बी' विंगच्या गच्चीची गळती कोणाच्या खर्चानं, यावर आपण तीन सर्वसाधारण सभा घालवल्या, ते आठवून मी तिथे एकटीच हसत होते. त्या लोकांनी काय केलं? करार लिहून घेतला. १३२३ सालचा असा एक करारनामा आहे. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ 'किल्ल्यातल्या शांततेचं पत्र' असा. एकत्र राहताना हक्क कोणते, कर्तव्यं कोणती, देखभाल कशी, हे त्यात ठरवलेलं. आपल्या भाषेत उपविधी! सातशे वर्षांपूर्वीचे.

त्यांच्या सभेचा दिवाणखानाही दाखवतात. तिन्ही शाखा तिथे जमायच्या. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत. म्हणजे इथे मोकळेपणानं बोला, कोणी मनाला लावून घेणार नाही. आणि दाराच्या वर कोरलेलं गुलाबाचं फूल. म्हणजे इथे बोललेलं इथेच राहू द्या, बाहेर नेऊ नका. मी गाईडबाईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली. आपल्या संस्थेच्या कार्यालयात मुखवटे नकोत, पण ते गुलाबाचं फूल मात्र दाराच्या वर लावावं, असं माझं मत आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपलाही लावता आलं तर उत्तम.

शेवटचे दोन दिवस बेर्नकास्टेल-कूस. नदीच्या एका काठाला बेर्नकास्टेल, दुसऱ्या काठाला कूस. बेर्नकास्टेलचा चौक म्हणजे लाकडी चौकटींच्या रंगीत घरांची जत्रा. तिथलं १४१६ सालचं एक घर खाली अगदी अरुंद आणि वर रुंद होत गेलेलं. वाढीव एफएसआय म्हणजे काय, ते बघायचं असेल तर हे बघा. सगळे पर्यटक तिथे गर्दी करतात. पूल ओलांडून कूसला फार थोडे जातात.

कूसमध्ये १४०१ साली एका नावाड्याच्या घरी निकोलाउस जन्मला. पुढे कार्डिनल झाला, मोठा तत्त्वज्ञ झाला. पृथ्वी विश्वाच्या मध्यावर स्थिर नाही, हे त्यानं कोपर्निकसच्या शंभर वर्षं आधी लिहिलं. या माणसानं १४५८ मध्ये आपल्या गावी, नदीकाठी, एक आश्रम स्थापन केला. पन्नाशी ओलांडलेल्या ३३ निराधार पुरुषांसाठी. ख्रिस्ताचं आयुष्य ३३ वर्षांचं, म्हणून ३३. त्यातले सहा धर्मगुरू, सहा सरदार घराण्यातले आणि २१ सामान्य लोक. खर्च भागवायला द्राक्षबागा लावून दिल्या. तो वारला इटलीत, पुरला रोममध्ये, पण त्याचं हृदय या आश्रमाच्या चॅपेलमध्ये आणून ठेवलं आहे.

आणि तो आश्रम आजही वृद्धाश्रम म्हणूनच चालू आहे! साडेपाचशेहून अधिक वर्षं. आता तिथे बायकाही राहतात. बागा अजून संस्थेच्याच मालकीच्या, त्यांची वाइन विकली जाते. मी खजिनदाराच्या नजरेनं बघते: देणगीचे पैसे संपतात, उत्पन्न देणारी बाग लावून दिली की ती पिढ्यान्‌पिढ्या खायला घालते.

आतल्या अंगणात कमानींची ओवरी आहे. तिथे एक आजोबा चाकांचं वॉकर बाजूला लावून उन्हात बसले होते. आम्हीही बसलो. गेली दोन वर्षं मुलगा म्हणतो आहे की तिकडचं घर बंद करा, इकडे या. हा विषय आम्ही दोघं टाळत होतो. त्या अंगणात तो निघाला. हे म्हणाले, "हे आजोबा आपल्याच गावात म्हातारे झाले, आपल्याच नदीकाठी. म्हणून असे निवांत बसलेत." पुढे फारसं बोलणं झालं नाही. रात्री मुलाला सांगितलं की दरवर्षी दोन महिने येऊ, पण राहू तिकडेच. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "तुमच्या बिल्डिंगला उतार तरी करून घ्या."

त्याचं म्हणणं खरं आहे. आपल्या प्रवेशद्वाराशी चार पायऱ्या आहेत, आणि मागच्या वर्षी 'ए' विंगमधल्या काकांना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. या वर्षीच्या अंदाजपत्रकात उतार आणि कठडा धरावा, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे. सूचक मी आहे, अनुमोदक हवा.

जाणार असाल तर थोडक्यात सांगते. एल्ट्स हिवाळ्यात बंद असतो. एप्रिल ते ऑक्टोबर जा. आत फोटो काढू देत नाहीत. मोझेलकेर्न स्टेशनवरून ओढ्याकाठानं रानातून चालत जाता येतं, तास-दीड तास लागतो. चालवत नसेल तर वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत छोटी बस आहे. बेर्नकास्टेलला आगगाडी नाही, विटलिखहून बस घ्यावी लागते. शाकाहारी मंडळींनी बटाट्याच्या किसाची धिरडी मागावीत, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात, झकास लागतात. कांद्याची पोळी दिसायला निरुपद्रवी असते, पण तिच्यात बहुधा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. आणि जुन्या गावांत सगळीकडे गोटे बसवलेले रस्ते आहेत, चपला नकोत, बूट न्या.

प्रश्न असतील तर विचारा. वाइन कशी होती, हा प्रश्न मात्र ह्यांना विचारा. ते मागच्या रांगेत बसले आहेत.