प्रतिध्वनीचा धडा



आठवीत सरांनी आपल्याला शाळेमागच्या विहिरीच्या काठावर उभं करून ओरडायला लावलं होतं. प्रतिध्वनीच्या त्या एका धड्यावर माझी पुढची तीस वर्षं गेली. मी हृदयाची इको तपासणी करते.

इकोमध्ये कानाला ऐकू न येणारा आवाज छातीत सोडतात. परत आलेल्या आवाजातून हृदयाचं चित्र उमटतं. हृदयात बसवलेली वस्तू त्यात वेगळी दिसते. धातू आवाज जोरात परतवतो, म्हणून तो लख्ख चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. पेसमेकरची तार उजव्या कप्प्यांतून गेलेल्या चकचकीत रेघेसारखी दिसते. पडद्यातलं छिद्र बुजवलेलं असेल, तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन चकत्या दिसतात. यांत्रिक झडपेत बहुधा दोन पाती उघडमीट करतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली, १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली झडप मात्र एकाच तबकडीची. सावलीत गळती लपू शकते, म्हणून आम्ही कोन बदलून पुन्हा पाहतो.

एकदा एक आजी दम लागतो म्हणून आल्या. छातीवर मधोमध जुना व्रण होता, पण ऑपरेशन कसलं ते सुनेला ठाऊक नव्हतं. घर बदलताना फाइल हरवली होती. पाहते तो यांत्रिक झडप, आणि दोन पात्यांपैकी एकच हलत होतं! "रक्त पातळ करायची गोळी घेता ना?" "बरं वाटत होतं गं, म्हणून सोडली." गुठळीने पातं अडकलं होतं. त्याच दिवशी भरती केलं, आजी वाचल्या. पण झडप कोणती, किती मापाची, हे शोधायला मुलगा दोन दिवस धावत होता.

आता आपणही साठीला आलो. कुणाला पेसमेकर आहे, कुणाला झडप. एवढंच सांगते: बसवलेल्या वस्तूचं कार्ड पाकिटात ठेवा, त्याचा फोटो मुलांच्या फोनवर असू द्या आणि इकोच्या टेबलावर झोपण्याआधी ते दाखवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

सर, प्रतिध्वनी आम्ही ऐकतो. पण तो कशावर आपटून आला, हे रुग्णाने आधीच सांगितलं तर वेळ वाचतो. कधी जीवही.