बार्शीहून निघालेलं उत्तर



सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी आपल्याला ठाऊक असतं ते भगवंताच्या देवळामुळे आणि ज्वारी-तुरीच्या बाजारपेठेमुळे. कॅन्सरवर काम करणारे जगभरचे डॉक्टर मात्र हे नाव वेगळ्या कारणाने घेतात. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळायचा कसा, या प्रश्नाची दोन भक्कम उत्तरं गेल्या पंचवीस वर्षांत मिळाली. त्यातलं तपासणीबद्दलचं उत्तर बार्शीच्या आसपासच्या गावांतून निघालं. दुसरं लशीबद्दलचं, आणि त्यातही बार्शीचा वाटा आहे. ज्या बायकांनी ही उत्तरं मिळवून दिली, त्यांच्याच लेकीसुनांच्या पदरात त्यांचं फळ अजून पुरतं पडलेलं नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

या कॅन्सरने आपल्या देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रिया आजारी पडतात आणि पाऊण लाखाहून अधिक दगावतात. हे आकडे फार वेदनादायक आहेत, कारण इतका सावकाश वाढणारा आणि इतका वेळ देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो अगदी सर्रास आढळतो. बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला परतवूनही लावतं. तेव्हा लागण झाली म्हणून कुणाच्या वागण्यावर बोट ठेवायचं काहीही कारण नाही, बाईच्याही नाही आणि नवऱ्याच्याही नाही. काही जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो. त्यानंतर पेशी बिघडायला लागल्यापासून प्रत्यक्ष कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षं जातात. एवढ्या काळात एकदा जरी कुणी नीट तपासलं, तरी पुढचं सगळं टळू शकतं.

आता बार्शीकडे वळू. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कुणाला कॅन्सर झाला, कोणता झाला आणि पुढे काय झालं, याची ती नोंद. शहरात अशी नोंद रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता, मग कागद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंचांना, गुरुजींना, सुईणीला विचारायचं, गावात कुणाच्या अंगावरून सारखं जातंय का, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही का. अशी बाई किंवा माणूस सापडला की त्याला समजावून बार्शीच्या दवाखान्यात आणायचं. डॉ. भालचंद्र नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही नावं या कामाशी कायमची जोडलेली आहेत. पुढे असं दिसलं की, कार्यकर्त्यांच्या या येण्याजाण्याने आणि बोलण्यानेच बायका लवकर दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. आजार पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलं होतं. नुसतं नोंदी करायला गेलेल्या माणसांनी जीव वाचवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गावांचा हा विश्वास गाठीला होता म्हणूनच १९९९ मध्ये पुढचा मोठा अभ्यास उभा राहू शकला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो चालवला. गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काही गटांत एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, काहींत पॅप स्मिअर म्हणजे पेशींची तपासणी झाली, तर काहींत आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले. उरलेल्या गटांत तपासणी नव्हती, त्या काळी सरकारी दवाखान्यात जी सोय होती तेवढीच.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या होत्या. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गेल्या. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. एकदाच केलेल्या बाकी दोन्ही तपासण्यांनी मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. हा निष्कर्ष २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी करा असं सगळ्या देशांना सांगते, त्यामागच्या पुराव्यांत कळंब-तुळजापूरकडच्या या बायकांचा वाटा आहे.

इथे थोडं थांबून त्या ६४ जणींबद्दल बोललं पाहिजे. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत तोवर दिसलेलं असताना एका गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा आक्षेप या अभ्यासावर आणि मुंबईत झालेल्या अशाच अभ्यासावर घेतला गेला. तेव्हा या जिल्ह्यांत तपासणीची कसलीच व्यवस्था नव्हती आणि आपल्याकडे काय परवडेल, काय चालेल हे इथेच तपासून पाहायला हवं होतं, असं संशोधकांचं म्हणणं. दोन्ही बाजू मी पुन्हापुन्हा वाचल्या आहेत. मला वाटतं, आक्षेप खरा आहे आणि त्याचं ओझं फक्त संशोधकांवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. त्या बायकांनी दिलेल्या उत्तरावर सरकारने आणि समाजाने काय केलं, हे आपल्यालाच सांगावं लागेल.

मुंबईचा अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. तिथे तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. तपासणी कशी असते ते सांगते, कारण निम्मी भीती ती माहीत नसल्यामुळे असते. बाईने टेबलावर पाय दुमडून झोपायचं. आत पाहता यावं म्हणून स्पेक्युलम नावाचं साधन बसवतात. ताण सोडला तर ते दुखत नाही. मग साध्या व्हिनेगरइतक्या सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात कापसाचा बोळा बुडवून गर्भाशयाच्या मुखावर लावतात आणि एक मिनिट थांबतात. किंचित चुणचुणतं. दिव्याच्या उजेडात निरोगी भाग गुलाबीच राहतो आणि जिथे पेशी बिघडायला लागल्या आहेत तिथे ठळक कडांचा पांढरा डाग उमटतो. तेवढंच. मुंबईत दर दोन वर्षांनी एकदा अशा चार फेऱ्या झाल्या आणि बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एका फेरीने जे साधलं नाही ते वारंवार केल्याने साधलं. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वांत मोठ्या परिषदेत हे मांडलं.

आपल्या देशाच्या आरोग्य कार्यक्रमातही २०१६ पासून ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी ही तपासणी आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या तिशी ते पन्नाशीच्या आतल्या स्त्रिया देशभरात शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत.

तपासणीच्या शिबिरात बायका काय म्हणतात ते मी ऐकलं आहे. “मला कायबी होत नाही, मग कशाला तपासायचं?” हे पहिलं. “घरी इचारून येते,” हे दुसरं, आणि ती परत येत नाही. काहीही होत नसतानाच तपासायचं असतं, ही गोष्ट समजावायला वेळ द्यावा लागतो, आणि उपकेंद्रातल्या सिस्टरकडे दहा रजिस्टरं भरायची असताना तो वेळ उरत नाही. आडोशाची खोली नसते, टेबल असतं तर दिवा नसतो. बाई तयार होऊन आली आणि “पुढच्या बुधवारी या” असं ऐकून गेली, तर तिचा बुडालेला रोज कोण भरून देणार?

तपासणी नसली की तिची जागा भीती घेते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती, आणि त्यात ऐन तिशीतल्या बायकाही होत्या. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय, एवढ्यावरून पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं. ज्या जिल्ह्यात ही शस्त्रक्रिया इतकी सर्रास झाली, त्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात एका साध्या तपासणीचं मोल साऱ्या जगासाठी सिद्ध झालं होतं. याचा मला आजही संताप येतो. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. तपासणीत पेशी बिघडलेल्या दिसल्या, तरी बऱ्याचदा तेवढाच भाग थंड वायूने गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते आणि पिशवी शाबूत राहते.

आता एक मोठी सोय झाली आहे. विषाणूच्या तपासणीसाठी लागणारा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. मऊ ब्रश किंवा काडी योनिमार्गात आत सरकवायची, हळूच फिरवायची आणि नळीत ठेवून द्यायची. कुणापुढे झोपायला नको की लाजायला नको. न्हाणीघराचं दार लावून दोन मिनिटांत होणारं काम आहे. असे नमुने तपासणारी, गोव्यातल्या मोलबायो आणि पुण्याच्या मायलॅब या कंपन्यांची देशी किट २०२५ मध्ये स्वतंत्र चाचण्यांत खरी उतरली, आणि त्या कामात मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचाही वाटा होता. म्हणजे साधन आता आपल्या दारात तयार होतं. आशाताईंच्या पिशवीत लोहाच्या गोळ्यांबरोबर ही नळी कधी येणार, हे आपण जिल्हा परिषदेला, आमदारांना विचारायला हवं, ग्रामसभेत उभं राहून विचारायला हवं.

लशीची हकीकत अनपेक्षित आहे. २००९ मध्ये मुलींना एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास देशातल्या नऊ केंद्रांवर सुरू झाला. त्यात बार्शी, पुणे आणि मुंबई होती. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लशीशी संबंध नसल्याचं चौकशीत दिसलं, पण पालकांची संमती घेण्यात तिथे गंभीर त्रुटी राहिल्या होत्या. सरकारने देशभरातले या लशीचे सगळेच अभ्यास थांबवले. त्यामुळे या नऊ केंद्रांवरच्या जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षं त्यांच्या तब्येतीचा माग ठेवला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की सर्वांत घातक अशा १६ आणि १८ क्रमांकांच्या विषाणूंची ठाण मांडणारी लागण एकाच डोसने सुमारे ९५ टक्के रोखली, दोन किंवा तीन डोसांइतकीच. केनियातही असंच दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल असं सांगितलं, आणि गरीब देशांचा लशीचा खर्च निम्म्यावर आला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लशीला मान्यता मिळाली.

ही लस देण्याचं उत्तम वय ९ ते १४. विषाणूशी गाठ पडण्याआधी ती द्यायची असते, म्हणून इतक्या लहान वयात. एवढ्याशा मुलीला ही लस कशाला, असं आजीला वाटतं. तिला सांगा, की गोवराची लसही आपण गोवर होण्याआधीच देतो.

लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यायचीच, कारण ही लस या विषाणूचे सगळेच प्रकार अडवत नाही. तुमचं वय तीस ते पासष्टच्या दरम्यान असेल आणि अशी तपासणी कधीच झाली नसेल, तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारा, कोणत्या वारी करता, कुठे करता. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी पंचविशीपासूनच सुरुवात करावी. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, किंवा घाण वास येणारा स्राव थांबत नसला, तर शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा आणि आतून तपासून घेतल्याशिवाय नुसत्या गोळ्या घेऊन परत येऊ नका.