बोलीचा कप्तान

ब्रिजमध्ये बोली दोघे भिडू लावतात, पण शेवटचा निर्णय एकाचाच असतो. तो कुणाचा? वयाने मोठा असेल त्याचा नव्हे, की हाती जास्त चित्रे आलेल्याचाही नव्हे. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ असे गुण धरतात. भिडूने ‘वन नो ट्रम्प’ म्हटले, की प्रचलित पद्धतीत त्याचे १५ ते १७ गुण मला कळतात. माझे त्याला ठाऊक नसतात. म्हणून कप्तान मी. समतोल पाने आणि १० गुण असले, तर मी ‘तीन नो ट्रम्प’ म्हणून थांबतो. गेमला साधारण २५ लागतात, ते झाले; स्लॅमचे ३३ होणार नाहीत. १७ गुण हाती असले की पुढे बोलण्याचा मोह भिडूला होतोच. पण आपली पाने सांगून झाली, की त्याने ‘पास’ म्हणावे. नाहीतर डाव जातोच, शिवाय जोडीचा एकमेकांवरचा विश्वासही जातो. डाव पुन्हा वाटता येतो.