वारा चढला, शीड आवरा



अलोऱ्याच्या माणसाला पाण्याची ताकद सांगावी लागत नाही. कोयनेचं पाणी वीज देऊन वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूण, गोवळकोट करीत दाभोळच्या समुद्राला जातं. वाऱ्याच्या ताकदीचा हिशेब मात्र आपण क्वचितच करतो.

शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावं. ताशी १८ किलोमीटरचा वारा एक चौरस मीटर कापडावर साधारण दीड किलो वजनाइतका रेटा देतो. वारा ३६ किलोमीटरचा झाला, तर तो रेटा तीन नव्हे, सहा किलो होतो. वेग दुप्पट, जोर चौपट! म्हणजे पाच चौरस मीटरच्या लहानशा शिडावर तीस किलो. आणि तोही उंचावर, तरफेसारखा. होडी कलंडते ती यामुळे.

मग करायचं काय? शिडाचं पोट कमी करायचं. खालच्या कडेचा दोर ताणावा, शीड सपाट होतं. डोलकाठीलगतची कड खाली ओढावी, म्हणजे पोट मागे सरकत नाही. शिडाखालची आडवी काठी वर उचलली जात असेल, तर तिला खाली धरणारा दोर आवळावा. एवढ्याने भागलं नाही, तर शिडाचा काही भाग गुंडाळून बांधावा. हे काम किनाऱ्यावरच करावं. भर पाण्यात ते दसपट अवघड होतं.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शीड आवरणारा दोर हातातच असावा. तो गाठ मारून ठेवला आणि तंबाखू मळायला बसलं, की झपका आल्यावर गाठ सोडायला सवड मिळत नाही. झपका आला की दोर सैल सोडावा, नाळ वाऱ्याकडे वळवावी, अंगाचा भार वाऱ्याच्या बाजूला टाकावा.

दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, ओहोटी समुद्राकडे धावते. दोघांची गाठ पडली की खाडीत उभ्या, आखूड लाटा उठतात. अशा वेळी न जाणं हेही शहाणपणच. जायचंच, तर तरंगतं जाकीट घालूनच जावं. होडी उलटलीच, तर तिला धरून राहावं. पोहत किनारा गाठण्याच्या भरीस पडू नये.

नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पण सातासमुद्रांची नौका असो की खाडीतली होडी, वारा चढल्यावर शीड दोघींनाही आवरावंच लागतं. त्यात कसला आलाय कमीपणा? घरी वाट पाहणाऱ्यांना त्याचंच मोल जास्त.