बाटलीवर एक अक्षर नव्हतं

(वस्तीच्या वाचनालयातील बैठकीत केलेले भाषण)



मी कविता लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे. आज कविता नाही. आज बापाबद्दल बोलतो.

बाप गोदीत हमाल होता. मीही तिथंच आहे. त्याच्या पाठीवरून किती माल गेला याचा हिशेब कुणी ठेवला नाही, त्याच्या काळजानं ठेवला. अॅटॅक आला. वाचला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या : रक्त पातळ ठेवणारी, प्रेशरची, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी.

सहा महिन्यांनी गेटाबाहेर एक बाटलीवाला भेटला. "मामा, गोळ्या गरम पडतात. हा काढा घ्या, रोग मुळासकट जाईल." बापानं गोळ्या सोडल्या. घरात मी मॅट्रिक झालेला पोरगा, पण साधं विचारलं नाही. पंधरवड्यात पाय सुजले. आडवं झालं की श्वास कोंडायचा. भिंतीला टेकून रात्र काढायचा.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काढा कसा लागायचा?" बाप म्हणाला, "गोड." बाई म्हणाल्या, "मग ज्येष्ठमध असेल."

ज्येष्ठमध आपल्या घरोघर आहे. खोकल्याला चघळतो. पण रोज भरपूर पोटात गेलं तर ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, प्रेशर वाढवतं, रक्तातलं पोटॅशियम घटवतं. लघवीची गोळीही पोटॅशियम घालवते. त्यात कुणी डिगॉक्सिन घेत असेल तर काळजाचे ठोके बिघडू शकतात. बाटलीवर यातलं एक अक्षर नव्हतं.

मग झाडपाला सगळा थोतांड? नाही. ते डिगॉक्सिन आलं कुठून? इंग्लंडात श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा काढा होता. विल्यम विदरिंग या डॉक्टरनं त्यातलं फॉक्सग्लोव्ह ओळखलं. दहा वर्षं मात्रा मोजल्या. कोण सुधारलं, कुणाला उलट्या झाल्या, सगळं लिहून १७८५ साली छापलं. त्याच जातीच्या झाडातून पुढं डिगॉक्सिन निघालं. म्हातारीचं नाव मात्र छापलं नाही. आपल्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी प्रेशरच्या रोग्यांवर सर्पगंधा तपासली, १९४९ साली निष्कर्ष छापले. तपासलं म्हणून ते औषध ठरलं.

आणि चरकसंहिता? सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात ती कबूल करते, की वनस्पती नावारूपानं ओळखतात ते शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी, रानातली माणसं. तिसाव्या अध्यायात हृदयाची थोरवी गाते. आणि त्याच अध्यायात सांगते, हे शास्त्र शिकावं ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्यांनी! काळीज सगळ्यांच्या छातीत, काळजाचं शास्त्र तिघांच्या घरात. झाड आम्ही ओळखायचं, पोथी त्यांनी उघडायची. आमच्या आज्यांकडं मुळ्या राहिल्या, मोजमाप राहिलं नाही. त्या खड्ड्यात आज बाटलीवाला दुकान मांडून बसलाय.

तो खड्डा आपण बुजवायचा. दर रविवारी इथं म्हाताऱ्यांची शाळा भरवायची. शिकवायचं काय?

डॉक्टरांची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. काढा, चूर्ण, भस्म, जे घेतो ते डॉक्टरांपुढं ठेवायचं. डॉक्टर खेकसला तर पोरानं बाजूला उभं राहायचं. अर्जुनाच्या सालीवर छोट्या चाचण्या झाल्यात, पण ती गोळीची जागा घेते असा पुरावा नाही. लसूण भाजीत खा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर लसणाच्या कॅप्सूल खाल्ल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. हृदयरोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे बाटलीवाल्याला तोंडावर सांगायचं. आणि छातीत कळ आली, घाम फुटला, तर काढा उकळत बसायचं नाही. १०८ लावायचा.

वाचता न येणाऱ्याला गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या. सूर्य सकाळची, चंद्र रात्रीची. त्यांना काही कळत नाही असं म्हणू नका. जहाजाच्या खोलातला माल नजरेनं तोलणारी ही माणसं आहेत.

बाप आज मागच्या बाकावर बसलाय. ती रिकामी बाटली त्यानं सोबत आणलीय. पहिला धडा तोच देईल. मी खाली बसतो.