थोडा करंट म्हणून काही नसते

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



सकाळी कापसाच्या भावावर बोलणे झाले, वीजबिलावरही झाले. विजेबद्दल आपण नेहमी दोनच गोष्टी बोलतो. ती येत का नाही, आणि बिल एवढे का येते. आज तिसरी गोष्ट बोलायची आहे. आलेली वीज आपल्या घरात काय करते आहे?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार कार्यकर्ते एका गावी बैठकीला गेलो होतो. ओसरीवर कूलर चालू होता. घरची सून चहा घेऊन आली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, कूलर पुन्हा करंट मारून राहिला." सासरा म्हणाला, "थोडासाच मारते. चप्पल घालून पाणी भरत जा." आम्ही चौघेही हसलो. आमच्यातल्या एकाने तर सांगितले की आमच्याही घरी असेच आहे. मग आम्ही पुन्हा कापसाच्या भावावर आलो.

नवव्या दिवशी निरोप आला. कपडे धुऊन ती ओल्या पायांनी आत आली. चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना तिचा दुसरा हात पत्र्यावर होता, तो सुटलाच नाही. दोन लेकरे मागे राहिली.

तिने सांगितले होते. आमच्यासमोर सांगितले होते. आम्ही लोकांना जागे करायला गावोगाव फिरणारी माणसे, पण त्या ओसरीवर बसून आम्हाला ऐकू आले नाही. म्हणून आज हे भाषण आहे.

"थोडा करंट" म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. एका अँपिअरचे हजार भाग केले तर एका भागाला मिलिअँपिअर म्हणतात. अंगातून एखादा मिलिअँपिअर गेला की मुंग्या आल्यासारखे वाटते. दहाच्या पुढे गेला की हाताचे स्नायू आवळतात, आणि धरलेली वस्तू सोडतो म्हटले तरी सुटत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून गेले तर काळजाचा ठोका बिघडून माणूस मरू शकतो. जुना साठ वॅटचा बल्ब जळायला अडीचशे मिलिअँपिअर लागत होते. म्हणजे एक बल्ब पेटवायला जेवढी वीज लागते, तिच्या निम्म्यात माणूस विझतो.

कूलरच्या पत्र्यात उतरलेला दाब मुंग्या आल्या त्या दिवशीही २३० व्होल्टचा असू शकतो, आणि माणूस गेला त्या दिवशीही तेवढाच. फरक पत्र्यात नसतो, आपल्या अंगात असतो. पायात चप्पल, हात कोरडा, जमीन कोरडी असेल तर विजेला वाट अरुंद मिळते. पाय अनवाणी, हात ओला, फरशी ओली झाली की तीच वाट मोकळी होते. म्हणून थोडा करंट म्हणून काही नसते. मुंग्या येणे ही विजेने आधी पाठवलेली चिठ्ठी आहे. ती वाचून प्लग काढायचा, चप्पल घालायची नाही.

कोणी म्हणेल, आमच्या घरी फ्यूज आहे. भावांनो, फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नसतो. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणूस मरून पडला तरी त्या फ्यूजला पत्ता लागत नाही. नव्या घरांतला एमसीबीचा खटकाही त्याच जातीचा. आणि आपल्याकडे तर फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळायची रीत आहे. त्याने वायरही वाचत नाही.

मग माणूस वाचवते कोण? पहिली अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली जाड, लांब पिन शोभेची नसते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती त्या पिनेवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. आपण काय करतो? बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन तोडतो, नाहीतर नुसत्या दोन वायरी भोकात खुपसून काडीने दाबतो. ज्यांच्या घरी अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात कोळसा-मीठ घालून पाइप पुरला त्या दिवसानंतर कोणी पाणी घातलेले नसते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते. सुकलेली माती वीज नीट ओढून घेत नाही. म्हणजे कूलर चालतो नेमका त्या दिवसांत अर्थिंग सर्वांत लुळी असते. चैत्र ते मृग, आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घाला.

याहून वाईट एक खोड आहे. न्यूट्रल गेला की जमिनीत सळई ठोकून तिच्यावर दिवा चालवायचा. अशा वेळी दिव्याची सगळी वीज त्या सळईतून परत जाते. सळई कोरड्या मातीत असेल, किंवा तिची तार ढिली झाली, तर तीच तार माणसाला धरते. कूलरची अर्थिंगही त्याच तारेला जोडलेली असेल, तर वाचवणारी तार उलट कूलरच्या पत्र्यात वीज आणून सोडते. एक दिवस अंधारात बसा, पण हे करू नका.

आता घरी गेल्यावर घरातून एक फेरी मारा. काय पाहायचे ते सांगतो.

आधी छपराकडे पाहा. खांबावरून येणारी वायर टिनाच्या कडेला घासते का? उन्हाने तिचे वेष्टन तडकले आहे का? पहिल्या पावसात अख्खे छप्पर वीज धरते. कपडे वाळवायची लोखंडी तार छपराला किंवा मीटरच्या पाइपाला बांधली असेल तर आजच सोडा आणि सुताची दोरी लावा. विजेच्या खांबाला आणि त्याच्या ताणाला जनावर बांधू नका. बैल एखाद्या ओल्या जागी पाय टाकायला नकार देत असेल तर त्याला मारू नका. त्याला तुमच्या आधी कळले असेल.

मग बोर्ड पाहा. बटनाभोवती काळे पडले आहे का, जळका वास येतो का, चरचर आवाज येतो का? तिथे जोड ढिला आहे आणि तापतो आहे. बटन बंद करूनही एलईडी मिणमिणत असेल, तर बहुधा बटन फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले आहे. म्हणजे बटन बंद केले तरी होल्डरमध्ये वीज आहे. सगळे दिवे एकाएकी लख्ख झाले तर खूश होऊ नका. न्यूट्रल तुटल्याची ती खूण असू शकते. ताबडतोब मेन बंद करा.

आणि टेस्टर पेटला तर वीज आहे हे नक्की. पण पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नका.

तिसरी जागा कापसाची. घरात कापूस भरून ठेवायची हौस कोणाला नाही. अंगाला खाज सुटते, लेकरांना झोपायला जागा राहत नाही. भाव मिळत नाही म्हणून तो पडून राहतो. पण त्याच खोलीत वायरवर लोंबणारा दिवा आणि चिकटपट्टीचा जोड असतो. त्या जोडाची एक ठिणगी वर्षाची कमाई आणि घर दोन्ही घेऊन जाते. कापसाच्या खोलीचे वीजजोडणीचे काम कापूस भरण्याआधी नीट करून घ्या, नाहीतर त्या खोलीची वीज तोडा आणि बॅटरी घेऊन आत जा. कडब्याची गंजी तारांखाली रचू नका. वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आपटल्या की ठिणग्या खालीच पडतात.

माणूस वाचवणारी दुसरी वस्तू म्हणजे आरसीसीबी. मेन स्विचनंतर बसते. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती मोजत असते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या अंगातून किंवा भिंतीतून वाट काढते आहे असे दिसले, की डोळ्याचे पाते लवायच्या आत ती पुरवठा तोडते. घेताना "तीस मिलिअँपिअरची" असे स्पष्ट सांगून मागा, आणि तिच्यावरचे टेस्टचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहा. सळईवर दिवा चालवणाऱ्या घरात ती सारखी पडेल. तेव्हा ती काढून फेकू नका, सळई काढा. तिला दोनेक हजार रुपये लागतात. कपाशीवरच्या एका फवारणीचा खर्च आठवा आणि ठरवा.

आता जबाबदारीचे बोलू. मीटरपुढचे घर आपले आहे, पण खांब, तारा आणि मीटरपर्यंतची वायर वीज कंपनीची आहे. वीज मंडळ २००५ साली मोडले आणि कंपन्या झाल्या. जबाबदारी मोडली नाही. लोंबणाऱ्या तारेची तक्रार १९१२ क्रमांकावर करा, शिवाय लेखी द्या आणि पोच घ्या. १९९७ साली मध्य प्रदेशात पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने एक सायकलस्वार मेला. मंडळ म्हणाले, कोणी तरी चोरून वीज घेत होता, त्याची ती तार. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की वीज पुरवणाऱ्याला असे म्हणून सुटता येणार नाही, भरपाई द्यावी लागेल. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ मध्ये अपघाताच्या चौकशीची तरतूद आहे. ती चौकशी करणारा विद्युत निरीक्षक कंपनीचा नोकर नसतो, सरकारचा असतो. अपघात झाला तर पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. "लेकराची चिरफाड नको" म्हणून घाईने अंत्यविधी उरकला की पुरावा त्याच्याबरोबर जातो.

आणि प्रत्यक्ष कोणी चिकटलेच तर? त्याला हात लावू नका, मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. हे फक्त घरच्या विजेसाठी. अकरा हजार व्होल्टच्या तारेजवळ लाकूड घेऊनही जायचे नाही, आधी लाइन बंद करायला लावायची. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा. दुसऱ्याने त्याला उताणे करून छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाबत राहायचे, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दवाखान्याची गाडी येईपर्यंत. आपल्याकडे माणसाला मातीत पुरतात, चिखल लावतात. त्यात जी दहा मिनिटे जातात, तीच जगण्याची असतात.

शेवटी कार्यक्रम. मृग लागण्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या गावातली घरे वाटून घ्यायची. सोबत जाणता वायरमन घ्यायचा. घरात गेल्यावर पुरुषांना विचारायचे नाही. पाणी भरणाऱ्या, कपडे वाळवणाऱ्या, चक्कीचे बटन दाबणाऱ्या बाईला विचारायचे, "बाई, कुठे मुंग्या येतात का?" ती जिथे बोट दाखवील तिथला प्लग काढूनच पुढच्या घरी जायचे.

आम्ही त्या ओसरीवर हा प्रश्न विचारला नव्हता. तिने न विचारता सांगितले होते, तरी आम्ही हसलो. तुम्ही हसू नका.